कऱ्हाळे सरांचा डावा पाय

"उद्या समितीला ह्या आवारात एकसुद्धा मुरगळलेला पाय दिसणार न्हाई. दिसला तर माझं नाव बदला!"

प्राध्यापक विजयकुमार कऱ्हाळे यांनी भर मैदानात बासष्ट विद्यार्थ्यांसमोर ही गर्जना केली आणि ती खरी करून दाखवायला गॅलरीच्या तिसऱ्या पायरीवरून उडी मारली. गुडघे वाकवून, चवड्यांवर, मांजरीसारखी! "बघितलं? असं उतरायचं असतं! जो उतरायला शिकला, त्याचा घोटा शंभर वर्षं टिकला!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी आणखी दोनदा उडी मारली. टाळ्या थांबल्या म्हणून चौथी मारली नाही, एवढंच.

खरं तर सरांना सकाळपासून समितीची धास्ती होती. मोठ्यानं बोललं की ती जरा कमी व्हायची, म्हणून ते मोठ्यानं बोलत होते.

हिंगोलीजवळच्या त्या महाविद्यालयात ॲथलेटिक ट्रेनिंगचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा विद्यार्थी होते नऊ. त्यातले सात पोलीस भरतीसाठी धावायला मिळेल म्हणून आलेले! सर घसा फोडून सांगायचे, "आरं बाबांनो, हे धावायला शिकवायचं न्हाई! धावताना जो पडतो त्याला सांभाळायचं शास्त्र हाय हे. कुणाचा पाय मुरगळला, खांदा निखळला, तर काय करायचं अन् काय न्हाई करायचं!" हे ऐकून सातातले पाच पळाले. पळायचा सराव त्यांना होताच.

वर्ग भरायचा तो फुटक्या बाकांच्या खोलीत. मग एकदा आखाडा बाळापूरला कबड्डीच्या सामन्यात एका गड्याचा खांदा निखळला. "ओढा रे, बसंल जागेवर!" म्हणत गर्दीतले चार जण त्याचा हात ओढायला धावले. सरांच्या चार विद्यार्थ्यांनी त्यांना अडवलं, शिव्या खाल्ल्या, पण हात झोळीत बांधून गड्याला नीट दवाखान्यात पोचवलं. डॉक्टर म्हणाले, "ओढला असता तर हात कायमचा गेला असता." झालं! ही गोष्ट पसरली आणि पोरं यायला लागली. खोलीचा हॉल झाला, हॉलमध्ये तपासणीचे पलंग आले, बर्फाची पेटी आली. पोरांमागून पोरी आल्या. यंदा बासष्ट.

आता पूर्ण पदवीचा अभ्यासक्रम मागितलेला होता. विद्यापीठानं मोकळं सांगितलेलं, पाहणीला येणाऱ्या समितीला पटलं तर पदवी. नाही पटलं, तर आहे तेही जूनपासून बंद.

सरांच्या डोळ्यांपुढं सारखी समरीन यायची. वर्गातली सगळ्यात तल्लख पोरगी. तिच्या वडिलांचं, इस्माईलभाईंचं, गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान होतं. त्यांनी सरांना स्पष्ट सांगितलेलं, "डिग्री असंल तर बेटी शिकंल. नुसत्या सर्टिफिकेटसाठी साल काहून घालवायचं, सर?" समिती रुसली की समरीन घरी! म्हणूनच ती धास्ती.

त्या संध्याकाळी सर नरसीला घरी पोचले. बायको माहेरी हट्ट्याला गेलेली, घरी फक्त आई, अनुसयाबाई. सर ओट्यावर उभे असताना मोबाइल वाजला. समितीचा निरोप. 'उद्या सकाळी दहा वाजता पोहोचत आहोत. प्रात्यक्षिक तयार ठेवावे.' तो वाचत वाचत सर ओटा उतरले. ओट्याला पायरी एकच, आणि तिच्यावर बारीक खडा, तोही एकच. गॅलरीच्या तिसऱ्या पायरीवरून मांजरीसारखे उतरणारे सर घरच्या एका पायरीवरून पोत्यासारखे उतरले! डावा घोटा आतल्या अंगाला वळला. सर अंगणात बसले आणि पहिल्यांदा इकडंतिकडं कुणी पाहिलं का ते बघितलं. मग ओरडले.

"बर्फ! आई, बर्फ आण!"

"कुठून आणू? दुपारपासून लाइट न्हाई. फ्रिजात निस्तं पाणी झालंय. थांब, आंबेहळद तापवते."

"न्हाई! गरम काही लावायचं न्हाई! पहिल्या दिवशी गरम लावलं की सूज वाढती. मीच शिकवतो ते!"

"तू शिकवतूस त्यांचा पाय मुरगळला का? तुझा मुरगळलाय ना? मंग गप!"

आई आंबेहळद आणि तुरटी पळीत खदखदवून घेऊन आली. सरांचं शास्त्र घोट्याच्या ठणक्यापुढं फार वेळ टिकलं नाही. वर रुईचं पान, त्यावर जुन्या पातळाची चिंधी. मायेनं बांधलेलं, आणि सरांच्या प्रत्येक धड्याच्या बरोबर उलटं!

सकाळी घोटा तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगलेला. सरांनी लेप खरवडला, दोन पांढरे मोजे चढवले, बुटाची नाडी काढून टाकली आणि दात-ओठ खात पाय आत कोंबला. 'दहाला समिती येईल, बाराला जाईल,' त्यांनी मनाला समजावलं. 'दोन तास कसंबसं उभं राहायचं. मुरगळलेला विभागप्रमुख बघून दुखापत टाळायचा अभ्यासक्रम कोण मंजूर करील?'

बाहेर मोटारसायकल उभी होती, आणि गिअर डाव्या पायाचा! सरांनी डोळे मिटून एकदाच पहिला गिअर टाकला आणि नरसी ते हिंगोली सगळा रस्ता पहिल्या गिअरवर कापला. इंजिन दम्याच्या पेशंटसारखं विव्हळत होतं. उसाची ट्रॉली पुढं गेली, सायकलवाला पुढं गेला, एक म्हातारा ओळखीचं हसून पुढं गेला. सरांना वाटलं, सगळा जिल्हा समितीच्या आधी पोचून सांगणार आता!

फाटकात मैदानाची देखभाल करणारे थावरा भेटले. स्टँडही डाव्या पायानंच लावायचा, म्हणून सरांनी गाडी चालू असतानाच त्यांच्या अंगावर सोपवली. "धरा, थावरा!"

"सर, काहून घामेजून राहिले? तब्येत बराबर हाय ना?"

"एकदम बराबर! ऐका, ती चुन्याची गाडी आणा. मैदानावर रेघा मारायच्या."

"सर, रेघा तर मी कालच मारल्या."

"आणा म्हणतो ना!"

कारण त्या ढकलगाडीला दांडा होता. धरून चालायला त्यासारखी गोष्ट नाही!

दहाला गाडी आली. समितीच्या प्रमुख डॉ. रेवती टाकळकर, शांत, बारीक चष्म्याच्या, कमी बोलणाऱ्या. कमी बोलणाऱ्या माणसांची सरांना नेहमीच जास्त भीती वाटायची. प्राचार्यांनी हार घातले, आणि मॅडम म्हणाल्या, "चला कऱ्हाळे सर, हॉल दाखवा."

हॉल मैदानाच्या त्या टोकाला होता. सरांनी चुन्याची गाडी पुढं घातली, दांड्यावर सगळा भार टाकला आणि निघाले. मागं पांढरी रेघ उमटत चालली. सरळ नव्हे, मांडूळ गेल्यासारखी, दर पावलाला डावीकडं झोकांडी!

"ही रेघ कशाची, सर?" मॅडमनी विचारलं.

"ही... रिकव्हरी लेन, मॅडम. जखमी खेळाडू बरा होताना ह्याच्यावरून चालतो."

"वाकडी का?"

"तो वाकडा चालत असतो ना, म्हणून."

मॅडमनी काहीतरी टिपून घेतलं. समितीला चुना लावणं म्हणतात ते हेच, असं सरांना वाटलं.

विद्यार्थी रांगेत उभे होते. आणि इथं सरांच्या ध्यानात आलं की खरा धोका समितीचा नव्हताच! ह्याच बासष्ट पोरांना त्यांनी वर्षभर एकच गोष्ट घोकून घेतलेली होती, 'खेळाडूच्या तोंडाकडं बघू नका, पायाकडं बघा. तोंड खोटं बोलतं, पाय न्हाई!' आता बासष्ट जोडी डोळे सरांच्या पायाकडं बघत होते.

समरीन हळूच जवळ आली. "सर, सगळं वजन उजव्या पायावर हाय तुमचं."

"उभं राहायची पद्धत हाय ती माझी."

"काल नव्हती. सर, तकलीफ हाय तुमाला. बसा."

"समरीन, गप! तुझी डिग्री हाय ह्याच्यात!"

तिची नजर मात्र घोट्यावरून हटली नाही.

प्रात्यक्षिक ठरलेलं असं होतं: स्वप्निल नावाच्या विद्यार्थ्यानं कबड्डीच्या मैदानात पडून ओरडायचं, शिट्टी वाजली की चौघांनी स्ट्रेचर घेऊन धावायचं, तपासायचं, बांधायचं. स्वप्निल पडला. त्याला नाटकाची हौस होती. "आई गंऽऽ! मेलो! पाय गेला माझा!" असा टाहो त्यानं फोडला की फाटकाबाहेरचे लोक थांबले.

शिट्टी वाजली. स्ट्रेचर निघालं. स्वप्निलजवळ आलं, आणि त्याला ओलांडून पुढं गेलं!

सरांनी बघितलं. समरीन पुढं, मागं तिघं, आणि स्ट्रेचर सरळ आपल्याकडं!

आता माणसानं अशा वेळी काय करावं? सर पळाले! चुन्याची गाडी सोडली आणि एका पायावर लंगडी घालत सुटले. "स्वप्निल तिकडं हाय! तिकडं जा!"

"सर, थांबा! भार टाकू नका!" समरीन मागून ओरडत होती. "तुमीच शिकवलं, जखमी खेळाडू ऐकत न्हाई!"

प्राचार्यांनी कपाळ धरलं. समितीतले एक सदस्य कौतुकानं म्हणाले, "वा! पळणारा पेशंट! प्रात्यक्षिक फार जिवंत बसवलंय." मॅडम मात्र मागून चालत येत होत्या.

लांब उडीच्या खड्ड्यापाशी सरांचा उजवा पायही कंटाळला. सर वाळूत बसले. चौघांनी घेरलं.

"समरीन," सर कळवळून कुजबुजले, "सोड गं मला. मॅडम बघून राहिल्या. मला असं बघितलं तर कोर्स जाईल. तुझे अब्बा तुला घरी बसवतील, पोरी!"

समरीनचे हात क्षणभर थांबले. तिनं एकदा मॅडमकडं बघितलं, एकदा सरांच्या पायाकडं. मग सरांच्या टाचेखाली हात घातला. "बसवतील तर बसवतील, सर. पाय कुणाचा हाय ते बघून सोडायचं व्हय?"

तिनं बूट काढला. वरचा मोजा काढला, आतला काढला. आतला पिवळाधम्मक! हळदीचा वास खड्डाभर पसरला. एव्हाना बाकीचे विद्यार्थीही गोळा झालेले. मॅडम वाकल्या.

समरीननं शिकवल्याप्रमाणे प्रश्न सुरू केले, मोठ्यानं आणि स्पष्ट. "दुखापत कधी झाली?"

"काल संध्याकाळी."

"कशी?"

"ओट्यावरून उतरताना."

कुणीतरी फिस्सकन हसलं. समरीननं पुढं विचारलं, "काय लावलं?"

सरांनी वाळूकडं बघितलं. "हळद."

"गार का गरम?"

बासष्ट पोरं श्वास रोखून उभी. सर इतक्या बारीक आवाजात बोलले की पुढच्या रांगेलाच ऐकू गेलं. "...गरम."

"सर!!!" सगळा वर्ग एका आवाजात किंचाळला. चोरी करणाऱ्या लेकराला आईबापानं पकडावं, तसा तो आवाज!

समरीननं हाडावर बोटं दाबत तपासलं, बोटं हलवायला लावली, पाय उंच ठेवला, बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून लावली, पट्टी बांधली. पट्टीला एक सुरकुती नव्हती. "हाड शाबूत वाटून राहिलं, तरी एक्स-रे काढायचा," तिनं बजावलं. आणि विभागप्रमुखांना स्ट्रेचरवर घालून, त्या वाकड्या पांढऱ्या रेघेला समांतर, हॉलमध्ये नेण्यात आलं. मागं स्वप्निल एकटाच पडलेला. तो उठून कपडे झाडत आला. "मला कुणी बघणार हाय का न्हाई?"

हॉलमधल्या पलंगावर सर छताकडं बघत पडले होते. संपलं, त्यांच्या मनात येत होतं. नऊचे बासष्ट केले आणि एका खड्यापायी बासष्टाचं शून्य केलं. दाराबाहेर समरीन भिंतीला टेकून उभी होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत.

मॅडम आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "कऱ्हाळे सर, खरं सांगा. हे ठरवून केलं होतं?"

खोटं बोलायची उत्तम संधी होती. पण पाय उंच टांगलेला असताना माणसाला खोटं सुचत नाही. "न्हाई, मॅडम. मला लपवायचं होतं. पोरांनी लपवू दिलं न्हाई."

मॅडम म्हणाल्या, "मी पुष्कळ कॉलेजं बघते. ठरवून पडलेल्याला सगळेच उचलतात. स्वतःची पदवी पणाला लावून प्रमुखाचा बूट काढणारी विद्यार्थिनी मी आजवर बघितली नव्हती. पदवीची शिफारस करते. पहिल्या वर्गाला चाळीस जागा." दारात कुणीतरी ओढणीत तोंड लपवून रडायला लागलं. मॅडम उठल्या. "तुमच्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. ते नंतर कळवते."

हे 'नंतर' सरांना तीन महिने झोपू देईना. काय कळवणार? बदली? चौकशी? टपाल आलं की सर आधी पाकिटावरचा शिक्का बघायचे. पण काहीच आलं नाही. पाय बरा झाला, पदवीचे प्रवेश झाले, समरीनला घेऊन इस्माईलभाई स्वतः आले आणि सरांच्या खुर्चीला फुकटात नवी गादी शिवून देऊन गेले.

मग पहिली परीक्षा आली. पेपर विद्यापीठाचा, काढणाऱ्या टाकळकर मॅडम. हॉलवर देखरेखीला खुद्द कऱ्हाळे सर. त्यांनी सीलबंद पाकीट फोडलं, पेपर वाटले आणि शेवटचा उरलेला सहज डोळ्यांखालून घातला.

'प्रश्न पहिला. शेहेचाळीस वर्षांचे एक विभागप्रमुख घराचा ओटा उतरताना पडले. त्यानंतर त्यांनी केलेल्या सर्व चुका क्रमाने व कारणांसह लिहा. (गुण वीस)'

हॉलमध्ये चाळीस मुंड्या खाली वाकल्या. चाळीस पेनं एकदम सुरू झाली. सर खिडकीबाहेर बघत उभे राहिले, अगदी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन.

अर्धा तास झाला नसेल, तोच मागच्या बाकावरून स्वप्निलचा हात वर झाला.

"सर, पुरवणी!"