तारीख तीच, आकार तोच

धारवाडच्या बाक-फळा महामंडळातल्या नागरत्ना होसमनी यांची बीदरला झालेली बदली अखेर रद्द झाली. नवरा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला, आणि बीदर म्हणजे राज्याचं दुसरं टोक. साहेबांच्या केबिनचा उंबरठा झिजवून बाईंनी धारवाड राखलं आणि सगळ्या कचेरीला चुरमुऱ्याचं गिर्मीट खाऊ घातलं. कशाबद्दल, हे खाणाऱ्यांनी फारसं विचारलं नाही.

आता महामंडळाची व्यवस्था सांगितली पाहिजे. कारभार सगळा संगणकावर, आणि तो बंद पडला तर पंचाईत नको म्हणून रोज बॅकअप. ते बसवणाऱ्याने सांगितलं होतं, की यंत्र रोज सगळंच उतरवत बसत नाही. फायलीची तारीख आणि आकार बघतं; दोन्ही कालच्यासारखे असले तर काही बदललं नाही असं धरून पुढे जातं. आत काय लिहिलंय ते वाचत नाही. अंगडी साहेबांना हे फार आवडलं. न वाचता निर्णय घेणारं यंत्र त्यांना घरचंच वाटलं.

त्यांनी लगेच फर्मान काढलं: बॅकअपमध्ये ज्याच्या जास्त फायली बदललेल्या दिसतील, तो जास्त कामसू. झालं. जो तो फाईल उघडून एक टिंब टाकू लागला. काम तसूभर सरकलं नाही, पण बॅकअप दुसऱ्या दुपारपर्यंत संपेना. मग दुसरं फर्मान: समितीच्या परवानगीशिवाय फायलीची तारीख बदलणं हे गैरवर्तन समजलं जाईल. समिती अजून नेमायची होती. तेव्हा ऑपरेटर सिद्धप्पाने तोड काढली. बदल करायचा आणि फायलीवर जुनी तारीख परत चिकटवायची. नियमही शाबूत, कामही.

नागरत्नाबाईंच्या आदेशात त्याने बीदर कचेरीचा क्रमांक एकेचाळीस काढून धारवाडचा चौदा घातला, तो असाच. दोन आकडे गेले, दोन आले.

श्रावणात मुख्य संगणक बसला. बॅकअपवरून सगळं परत आणलं. टिंबं एकूण एक सुखरूप परतली. बाईंच्या नावापुढे मात्र पुन्हा एकेचाळीस, आणि तत्काळ रुजू होण्याचा हुकूम. बाई साहेबांकडे धावल्या.

"सर, तुम्हीच रद्द केलीत की. सहीसुद्धा तुमचीच."

"कागदावर केली असेन, अक्का. कागद आपण कागदमुक्त सप्ताहात रद्दीला घातले." साहेबांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. फाईल होती तशीच आहे. तुमचं काहीच बदललेलं नाही. की कुणी जुनी तारीख चिकटवली? नाव सांगा, बघतो त्याच्याकडे."

सिद्धप्पाला लेकरंबाळं होती. बाईंनी त्याचं नाव घेतलं नाही.

"घरी येऊन बघा एकदा," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यांना घास भरवायला माझ्याशिवाय कोण आहे?"

"तसं इथे काही दिसत नाही," साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं.

नवऱ्याला टेम्पोत आडवं घालून बाई बीदरला गेल्या. कचेरीत हळहळ झाली. एवढं सगळं होतं तर बोलल्या का नाहीत, असं जो तो म्हणाला. रोज सकाळी "काय अक्का, आराम?" असं विचारून बाईंनी तोंड उघडायच्या आत पुढे गेलेलेही तेच म्हणाले.

तुम्ही मात्र त्या यंत्राला हसू नका. आज जिन्यात शेजारी भेटला, तेव्हा शर्ट कालचाच आणि उंची कालचीच बघून तुम्ही "बरं आहे ना?" म्हणालात, आणि त्याचं उत्तर यायच्या आत खाली पोचलात.