पदव्यांना प्लास्टिक

कॉलेजात फिजिक्स शिकवायला काय लागतं? एमएस्सी लागते, वर पात्रता परीक्षा, नाहीतर पीएचडी. आमच्या हिच्याकडे तिन्ही आहेत! तरी नऊ वर्षं ही तासांवर शिकवतेय. आता कुठे कायमची जागा निघाली, तीही एकच. पण कागदपत्रं सांभाळायला डोकं लागतं, आणि ते आमच्या घरात मलाच आहे, असं माझं प्रामाणिक मत होतं.

"तू मुलाखतीचं बघ. फाइल माझ्यावर सोड," मी म्हणालो.

"अहो, नुसते कागद क्रमाने लावा. बाकी काही करू नका."

असं म्हटलं की माझे हात शिवशिवतात. दहावीपासून पीएचडीपर्यंतचे सगळे मूळ कागद मी लॅमिनेट करून आणले. चहा सांडला तरी डाग पडायला नको!

मुलाखतीच्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्कने पहिला कागद उचलला, उलटा केला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हे कोणी केलं?"

"मी!" मी छाती फुगवून सांगितलं.

"प्रत्येक कागदामागे 'तपासले'चा शिक्का लागतो. त्याशिवाय मुलाखत नाही. प्लास्टिकवर तो बसणार कसा?"

"बसेल हो! जरा दाबून मारा."

त्यांनी मारला. शाई ओघळायला लागली. मी घाईघाईने टिपायला गेलो, तर शिक्का साफ पुसला गेला आणि माझ्या पांढऱ्या बाहीवर उमटला!

"मॅडम, तुमचे मिस्टर तपासून झाले," हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. "कागद राहिलेत. दहा मिनिटं आहेत."

"इस्त्री मिळेल का? प्लास्टिक सोलून..."

"तुम्ही बसा," ही म्हणाली.

मी बसलो. हिची नऊ वर्षांची मेहनत मी वीस मिनिटांत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती! मला अगदी रडू येईल असं वाटलं.

हिने पर्समधून नखं घासायची कानस काढली आणि प्रत्येक कागदाचा मागचा कोपरा घासून खरखरीत केला.

"आता मारा. गुळगुळीत जागी शाई टिकत नाही, खरखरीत जागी धरून बसते."

शिक्का बसला! हेडक्लार्कने तीनदा बोटाने घासून पाहिला, तरी निघेना. सगळे कागद झाले आणि ही आत गेली.

नेमणुकीचं पत्र आल्याचं मला पंधरा दिवसांनी शेजारच्या काकूंकडून कळलं. टपाल माझ्या हातात द्यायचं नाही, काकूंकडेच द्यायचं, असं हिने पोस्टमनला बजावून ठेवलं होतं!