भोकाचा पांढरा पैसा

गंगाधररावांच्या शर्टाच्या खिशात पेनच्या जागी कानस असते. निवृत्त विज्ञान शिक्षक माणूस, नांदेडात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि पांढरे पैसे तपासतो.

पांढरे म्हणजे जुने भोकाचे पैसे. असायला हवेत तांबडे, पण दिसतात चांदीसारखे. अशा पैशाचे लाखो रुपये मिळतात, असं मोबाइलवर कुणीतरी सांगून ठेवलं आहे. त्यामुळे पार कंधारहून लोक येतात आणि चपला माझ्या दारात काढतात. गंगाधरराव पैसा आधी सोनाराच्या काट्यावर ठेवतात, मग भिंगातून पाहतात आणि शेवटी भोकाच्या कडेवर कानस एकदा फिरवतात. "तांबडं निघालं. कल्हई हाय. न्या." आजवर एकही चांदीचा निघालेला नाही. लखपती व्हायला आलेला माणूस मग पाणी प्यायला माझ्याकडे येतो.

एवढ्यावर ते थांबले असते तर मी तक्रार केली नसती. पण आमच्याकडच्या सत्यनारायणाला, तीर्थ घेता घेता, त्यांनी आमच्या व्याह्यांनी दिलेलं निरांजन उचललं आणि व्याह्यांसमोरच त्यावर कानस चालवली. "वैनी, पितळ हाय. वरून चांदीचं पाणी दिलंय." व्याही प्रसाद न घेता लातूरला गेले. मी जाब विचारला तर म्हणाले, "खरं सांगून राहिलो. तुमाला खोट्यात राहायचं असलं तर राहा."

मागच्या महिन्यात मी चपलांचं बोलायला गेलो, तर अहमदपूरहून त्यांची धाकटी बहीण आलेली. शांताबाईंनी बटव्यातून एक पांढरा भोकाचा पैसा काढला. लहानपणी दादानं त्यांच्या करदोड्यात ओवून दिलेला. आता तो पणतूच्या कमरेला बांधायचा होता. पण नातसून हसली म्हणे. सरकारनं चांदीचा भोकाचा पैसा कधी काढलाच नाही म्हणाली.

"जलमभर सगळ्यांला चांदीचा म्हणून दाखवत आले, दादा. आता तूच तपास. खोटा असला तर नाल्यात टाकते."

काटा आला, भिंग आलं. कानस खिशातच राहिली. गंगाधरराव बराच वेळ पाहत बसले आणि मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं. कानशीची गरजच नव्हती. दोऱ्यानं घासून घासून भोकाची कड कुंकवासारखी तांबडी झाली होती.

"काय म्हणता?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांच्या शेजारात त्यांनी माझं मत प्रथमच मागितलं.

"चांदी," मी म्हणालो.

"हाव. चांदीच हाय," ते बहिणीला म्हणाले. "असे लई थोडे काढले व्हते. नातसुनेला सांग, मास्तरनं तपासलाय."

शांताबाई चहा टाकायला आत गेल्या. गंगाधरराव काटा पुसत हळू आवाजात म्हणाले, "पाटलाच्या पोरीच्या कमरंला चांदी व्हती. ही दोन दिस रडून राहिली व्हती. दारात कल्हईवाला बसला व्हता. त्याला माझी भाकर दिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्याकडे आले आणि बायकोकडे ते निरांजन मागितलं. चष्मा न लावताच उजेडात धरलं. कानशीचा ओरखडा मला लांबूनही दिसत होता.

"वैनी, मागल्या बारीला माझंच चुकलं," ते म्हणाले. "व्याह्यांना कळवा."

मी त्यांच्या खिशाकडे पाहिलं. पेन होतं.