बुधवारचा ओव्हर

आमच्या राठोड मॅडम बुधवार सोडून रोज प्राचार्य असत. बुधवारी सकाळी त्या खुर्चीतून उठत, एखाद्या तरुण शिक्षिकेला तिथं बसवत आणि स्वतः पर्स घेऊन दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसत. आत काही काम निघालं तर दारावर टकटक करून "येऊ का, मॅडम?" असं विचारत. खुर्चीतली चोवीस वर्षांची पोरगी घाबरून ताडकन उभी राहायची. मग मॅडम तिच्यावर डाफरायच्या, "उठतीस काहून? प्रिन्सिपल हायेस ना आज? बस खाली!"

मी वसमतच्या त्या नर्सिंग स्कूलचा क्लार्क. दर बुधवारी नवी साहेबीण, आणि तिला सही कुठं करायची ते मीच दाखवायचं. एकदा मी मॅडमना म्हणालो, ही काय भातुकली चाललीय? त्या शांतपणे म्हणाल्या, "जाधव, मला इंजेक्शन शिकवलं, टाके शिकवले. खुर्ची कोणी शिकवली न्हाई. पहिलं वर्षभर मी नुसती घाबरून राहिले होते. या लेकरांना ती तकलीफ काहून द्यायची?"

दवाखान्यात पाळी बदलताना जाणारी नर्स येणारीला एकेका खाटेपाशी नेऊन पेशंटची हकीकत सांगते. त्याला ओव्हर देणं म्हणतात. मॅडम खुर्चीचाही ओव्हर देत. कपाटाच्या चाव्या, मागचा गळका नळ, सरावासाठी ठेवलेला, डावा हात निखळलेला प्लॅस्टिकचा पुतळा, आणि सगळ्यात शेवटी माझं टेबल.

"हे जाधव. जुना पेशंट. तब्येत ठीक, हालचाल कमी. फाईल मागितली की घाम येतो. चहा दिल्यावर फरक पडतो."

पोरगी हे सगळं रजिस्टरात उतरवून घ्यायची. मॅडम तरीही तिच्याकडं बघत उभ्याच.

"नातेवाईक इचारला न्हाई तू."

"सोबत कोण हाये, काका?"

"बायको," मी दात आवळून सांगायचो.

"लिव्ह. सोबत कोण हाये ते म्हाईत न्हाई तं ओव्हर अधुरा. उद्या यांना चक्कर आली तं कोणाला बोलावशील?"

चक्कर मला तिथंच यायची, पण बोलतो कोणाला!

मॅडम सेनगावकडच्या एका तांड्यावरच्या. वॉर्डात उभी हयात काढून त्या या खुर्चीपर्यंत आलेल्या. बुधवारवाल्यांमध्ये त्यांची लाडकी होती साखरा गावची वंदना. शेतकऱ्याची पोर, कामाला वाघीण. एका बुधवारी तिनं चक्क मॅडमचाच रजेचा अर्ज फेटाळला. "स्टाफ कमी आहे" असा शेरा मारून. मॅडम तो अर्ज घेऊन वर्गावर्गात मिरवल्या. "बराबर केलं पोरीनं! मी असते तं मी बी दिली नसती."

पुढं आमच्या संस्थेला विद्यापीठाचं डिग्री कॉलेज हवंसं वाटू लागलं. तपासणीला समिती आली ती नेमकी बुधवारी. अध्यक्ष वंदनाला म्हणाले, "बाळ, जरा प्राचार्यांना बोलाव."

"आज मीच आहे, सर."

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि खऱ्या प्राचार्यांनी आत येण्याची परवानगी मागितली. समिती खूप हसली, पोटभर जेवली आणि जाताना लिहून गेली: प्राचार्य एम.एस्सी. नाहीत, सबब मान्यता नाही.

संस्थेच्या सचिवांकडं तोडगा तयार होता. बाहेरगावची एक एम.एस्सी. मॅडम तपासणीपुरती आणून खुर्चीत बसवायची. "सगळीकडं चालतं हे," ते म्हणाले.

"चालत असल," मॅडम म्हणाल्या. "पण तिला मी ओव्हर काय देऊ? ती दुपारच्या गाडीनं जाणार. पोरींनी शिकायचं कोणाकडून?"

मॅडमच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्यांनी वंदनाला एम.एस्सी.ला पाठवायचं ठरवलं. तिचे वडील लग्नाचं घेऊन बसले, तर मॅडम जीपनं दोनदा साखऱ्याला जाऊन त्यांच्या ओसरीवर ठाण मांडून आल्या. वंदना शिकायला गेली; ती परत आली तर कॉलेज होणार. नाही आली तर स्कूल आहे तसं, आणि खुर्चीत सचिवांची भाड्याची बाई.

"येत न्हाई ती," मी सगळ्यांना सांगत सुटलो. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यानं तिला बोलावल्याचं कळलं, तेव्हा तर मी मॅडमनाही सांगितलं. त्या पुतळ्याचा हात जोडत बसल्या.

मॅडमच्या शेवटच्या आठवड्यात, सोमवारी, वंदना बॅग घेऊन दारात उभी!

"पुण्याचं काय झालं?" मी विचारलं.

"तिथं नळ गळत न्हाईत, काका. करमलं नसतं."

मला माझीच लाज वाटली.

मॅडमचा अखेरचा दिवस बुधवारीच आला. ओव्हर सुरू झाला. चाव्या दिल्या. नळ दाखवला. पुतळा दाखवला. "जाधव. स्थिर. सुधारणा न्हाई." मग त्यांनी पर्स उचलली. वंदनानं रजिस्टर मिटलं नाही.

"एक पेशंट राहिला, मॅडम."

"कोण गं?"

"राठोड शेवंताबाई. वय अठ्ठावन्न."

मॅडम हसल्या. "तब्येत बरी. गुडघे दुखत्यात."

"सोबत कोण हाये?"

मी मान खाली घातली. मॅडमचं सर्व्हिस बुक माझ्याच कपाटात होतं. त्यातला वारसाचा रकाना कोरा होता. नवरा तरुणपणीच गेला, लेकरू नाही. एरवी एक रकाना कोरा राहिला की मी अर्ज परत करतो, पण इतक्या वर्षांत हा भरायला सांगण्याचं मला धाडस झालं नव्हतं.

"लिव्ह, कोणी न्हाई," मॅडम खिडकीकडं बघत म्हणाल्या.

वंदनानं लिहिलं आणि रजिस्टर सहीसाठी फिरवून त्यांच्यापुढं ठेवलं. मॅडमनी चष्मा लावला. वाचलं. काढून पुसला, पुन्हा लावला, आणि पाहुण्यांच्या खुर्चीत हळूच खाली बसल्या. मीही वाकून पाहिलं. लिहिलं होतं: 'सोबत लेक, वंदना.'

"बराबर हाये का, मॅडम?" वंदनानं विचारलं.

मॅडमनी सही केली. त्या दिवशी चहा मी सांगितला.