केळ्याला तीन शिट्ट्या

केमच्या शेतातून आलेला केळ्यांचा घड, अर्धा काळा पडलेला.

फ्रिजवर ठेवलेली कुकरची रिंग.

एका गालावर फेस, दुसरा गाल गुळगुळीत.

'आवड: बेकिंग.'

किलोभर खडेमीठ.

हे सगळं एकाच लग्नाचं सामान आहे, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. दिग्विजयचाही बसला नव्हता. तो नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात काउंटरवर असायचा, आणि आयुष्यात त्याने भाजलेली एकमेव गोष्ट म्हणजे पापड. तोही जळालेला. पण बायोडाटा बजाबाई आत्याने सांगून लिहून घेतला होता. त्याची आई गेल्यापासून घर आत्याच चालवत होती, आता लग्नही तीच चालवायला निघाली होती.

"समदी पोरं वाचन न् क्रिकेट लिवत्यात," आत्या म्हणाली होती. "पोरी इटल्या त्याला. कायतरी येगळं पायजे की."

वेगळेपणाचा परिणाम झाला. आजवर मुलीकडचे बायोडाटा पाहून गप्प बसायचे. या वेळी मुलीच्या वडिलांचा, शिवराजरावांचा, चक्क फोन आला. "रविवारी येतो. पोहे नकोत, असं आमच्या ऋतुजाचं म्हणणं. मुलाच्या हातचा केक खायचाय तिला."

"बेकरीतून आणू की," दिग्विजय म्हणाला.

"लग्नाची सुरुवात खोट्यानं करायची व्हय रं?" आबासाहेब कडाडले. दिग्विजयच्या वडिलांना खोट्याची भयंकर चीड. त्याच बायोडाटात मुलाची उंची त्यांनी दोन इंच वाढवली होती, पण त्यामागे सदिच्छा होती.

घरात ओव्हन नव्हता. मोबाइलमधल्या बाई म्हणाल्या, काळजी नको. कुकरची रिंग काढा, शिट्टी काढा, तळाला मीठ पसरा, पाणी अजिबात घालू नका, वर केकच्या पिठाचा डबा ठेवा. बाई फार गोड हसत होत्या. त्यांच्या घरी आत्या नसावी.

रविवारी सकाळी दिग्विजयने केळी कुस्करली. व्हिडिओत तीनच केळी होती. "घरची केळी हायती, हात का आखडतूस?" म्हणत आत्याने आणखी एक फणी टाकली. डबा कुकरमध्ये गेला आणि दिग्विजय दाढी करायला.

आत्याने झाकण उघडून पाहिलं. पाणी नाही, शिट्टी नाही आणि खाली गॅस भडकलेला. "येडं पोरगं! घर उडवील." तिने तांब्याभर पाणी ओतलं. कुकर चरचरला. मग रिंग बसवली, शिट्टी लावली, आणि वंश वाचवल्याच्या समाधानाने ती मोजायला उभी राहिली.

पहिल्या शिट्टीला दिग्विजय फेसासकट धावत आला.

"आत्या! शिट्टी कुणी लावली?"

"मीच की. तू इसरला व्हतास."

"ती लावायची नसती!"

"मग शिजलं का न्हाय कळायचं कसं? हात लावू नगंस. केळ्याला तीन बास."

ती शेगडीसमोर उलथनं घेऊन उभी होती. दुसरी शिट्टी झाली. तिसरी आणि दारावरची बेल एकदमच वाजली.

डब्यातून जे निघालं ते तपकिरी होतं, हलत होतं आणि खारट होतं. आत्याने ते वाट्यांमध्ये ओतलं.

शिवराजरावांनी चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. आबासाहेब उठून आत गेले, रिकाम्या हाताने परत आले. पुन्हा गेले, पुन्हा तसेच आले.

"केक कुठाय?" ऋतुजाने विचारलं.

"हाच," दिग्विजय म्हणाला.

"फारेनचा हाय," आत्या म्हणाली.

"यात मीठ आहे का?"

"लई न्हाय."

दिग्विजयने मान खाली घातली. "मला बेकिंग येत नाही. आज पहिल्यांदाच करायला घेतलं."

आबासाहेबांनी डोळे मिटले. हेही स्थळ गेलं.

ऋतुजाने मात्र वाटी खाली ठेवली नाही. "हल्ली सगळ्याच मुलांची आवड बेकिंग असते," ती म्हणाली. "मागच्या घरी केकखाली बेकरीचा सोनेरी पुठ्ठा तसाच होता, आणि मुलगा म्हणे, पहाटे उठून केला." तिने वाटी हलवून पाहिली. वाटीतलं बराच वेळ हलत राहिलं. "हे मात्र कुठलीच बेकरी विकायला ठेवणार नाही. हे तुम्हीच केलंय."

आत्याच्या कष्टांचं श्रेय डोळ्यांदेखत चाललं होतं. "तसं न्हाय पोरी, पानी तर म्या..."

"बजे, गप!" आबासाहेब म्हणाले. "समदं पोरानं केलंय. एकट्यानं नासवलंय." त्यांचा आवाज अभिमानाने भरून आला होता.

शिवराजरावांनी पाणी मागितलं. मग आणखी पाणी मागितलं. मग पंचांग.

आदल्या संध्याकाळी आबासाहेबांनी बेकरीतून गुपचूप आणलेला केक आतल्या कपाटात होता, आणि कपाटाची किल्ली आत्याच्या कमरेला.