भूपालआण्णांची टाकी

भूपालआण्णा कुणाच्या घरी गेले की लगेच सोप्यात बसत नाहीत. चप्पल काढायच्या आधी घराला एक वळसा घालतात, मागच्या मोरीपाशी थांबतात, सांडपाण्याचा पाइप कुठून निघतो आणि कुठं जातो ते बघतात. मग पुढं येऊन यजमानाला पहिला प्रश्न विचारतात, "घाण कुठं जाती?" उत्तर मनासारखं मिळालं तरच चहा घेतात.

माझ्या भाचीसाठी स्थळ बघायला आम्ही उंब्रजला गेलो होतो, तेव्हा वडीलधारं माणूस म्हणून आण्णांना बरोबर नेलं. एरवी तोंडाला विश्रांती नसलेले आण्णा तिथं अगदी गप्प बसले होते. मुलाच्या वडिलांनी ऊस, विहीर, मुलाची नोकरी सगळं सांगून झालं. आण्णांनी मान डोलावली आणि विचारलं, "न्हाणीचं पाणी कुठं सोडलंय?" ते गृहस्थ गडबडले. त्यांनी मागचा शोषखड्डा दाखवला. आण्णा तिथं उकिडवे बसले, वाकून बघितलं, वास घेतला आणि परत येऊन माझ्या भावाला म्हणाले, "द्या पोरगी. माणसं नीट हाईत." भाची आज सुखात आहे. त्यामुळं आण्णांना याबाबतीत बोलायची आता कुणाची टाप नाही.

तासगावात आमच्या आणि त्यांच्या अंगणाची भिंत एकच. मी शाळेत शिकवते म्हणून ते मला 'बाई' म्हणतात. माझे मिस्टर मूळचे औंधकडचे, फौजेतून निवृत्त झालेले, म्हणून ते 'हवालदार'. आण्णांचा बेदाण्याचा व्यापार होता, तो आता बंद केलाय. जैन माणूस. दिवस मावळायच्या आत जेवण, पाणी गाळून पिणार, घरात कांदा-लसूण नाही. अशा माणसानं एका उन्हाळ्यात अंगणात टाकी बांधली आणि तीत जिवंत मासे आणून सोडले.

त्याच वर्षी शालनवहिनींना, म्हणजे आण्णांच्या मंडळींना, अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. काठीच्या आधारानं चार पावलं टाकायच्या, नाहीतर दिवसभर अंगणात खुर्चीत बसून असायच्या. म्हणून मासे बघितल्यावर गल्लीत सगळ्यांना वाटलं, की आण्णांनी त्या दुखण्याचा धसका घेतलाय. त्यांचे थोरले भाऊ तर काठी आपटत आले.

"भूपाल, आपल्या घरात मासं पाळाय लागलास व्हय रं?"

"मी मासं न्हाई पाळत दादा," आण्णा म्हणाले, "मी घाण पाळतोय."

मग त्यांनी भावाला समजावलं. टाकीत मासे ठेवायचे. त्यांच्या घाणीनं गढूळ झालेलं पाणी खडीनं भरलेल्या वाफ्यात सोडायचं. वाफ्यातली भाजी त्यातलं खत घेते आणि निवळलेलं पाणी परत टाकीत येतं. माती खणायला नको, त्यामुळं मातीतला जीव मरायला नको. मासा मारायचा नाही, विकायचा नाही, खायचा तर प्रश्नच नाही. थोरले भाऊ बराच वेळ टाकीकडं बघत राहिले आणि जाताना पालकाची जुडी घेऊन गेले.

पहिली टाकी मात्र साफ फसली. द्राक्षं वाळत घालायच्या आधी जिच्यात बुडवून काढतात, ती जुनी चौकोनी टाकी आण्णांनी घासूनपुसून वापरली होती. चारी कोपऱ्यांत घाण साचायची, पाण्याला वास यायचा, मासे मलूल व्हायचे. आण्णा बांबूला खराटा बांधून कोपरे झाडायचे. घाण एका कोपऱ्यातून उठायची आणि दुसऱ्यात जाऊन बसायची.

एका सकाळी ते आमच्याकडं चहाला आले होते. माझी गाळणी फाटली होती, कपात चहाची पूड उतरली होती. मी दुसरा कप करते म्हणाले, तर आण्णांनी हातानंच थांबवलं. चमच्यानं चहा ढवळला, चमचा काढला आणि कपात टक लावून बघत बसले. पूड फिरत फिरत बरोबर कपाच्या मध्यावर येऊन गोळा झाली. पुन्हा ढवळला. पुन्हा मध्यावर.

"बाई," ते म्हणाले, "तुमी लय उपकार केलासा." आणि चहा न पिताच गेले.

दुपारी पलीकडून टाकी फोडल्याचे आवाज आले. नवी टाकी गोल झाली, तळ मध्याकडं उतरता, आणि मधोमध भोक. पाणी कडेनं तिरकं सोडलं की आख्खी टाकी सावकाश फिरायची आणि घाण आपोआप मध्ये येऊन खाली जायची. तिथून ती एका निळ्या पिंपात. पिंपातही पाणी गोल फिरायचं, जड गाळ तळाशी बसायचा, वरचं पाणी पुढच्या पिंपात जाऊन जाळीतून गाळलं जायचं. रोज सकाळी आण्णा पहिल्या पिंपाची तळातली तोटी सोडायचे, काळा गाळ बादलीत घ्यायचे आणि कौतुकानं सगळ्यांना दाखवायचे. आमच्या नाश्त्याची वेळही तीच असायची.

तिसऱ्या पिंपात बाटल्यांची प्लॅस्टिकची टोपणं होती. त्यासाठी आण्णांनी आख्ख्या गल्लीला कामाला लावलं. लग्नाला गेले की आहेर देऊन झाल्यावर टेबलांखाली वाकून टोपणं गोळा करायचे. एकदा एका नवऱ्या मुलाच्या मामानं, त्यांचं काही हरवलंय असं समजून, शोधायला मदतही केली.

"ह्या टोपणावर बारकं जीव ऱ्हात्यात," ते मला सांगायचे. "दिसत न्हाईत. पर माशाच्या मुतातलं इष त्येच मारत्यात. खरं कामगार त्ये. नळाच्या पाण्यानं टोपणं धुवायची न्हाईत बरं का बाई, मरत्यात बिचारी."

सगळं जमून आलं आणि मग खरी अडचण सुरू झाली. मासे चिलापी जातीचे. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, 'लय वाढत्यात'. आण्णांना वाटलं, अंगानं वाढतात. ते संख्येनं वाढले. कुणी खाणार नाही, कुणी विकणार नाही, मग टाकीत पोरं, नातवंडं, पतवंडं. मासे वाढले म्हणून घाण वाढली, घाण वाढली म्हणून पिंपं वाढली, पिंपं वाढली म्हणून वाफे वाढले, आणि त्या सगळ्याचा पालक आमच्या स्वयंपाकघरात येऊन पडायला लागला. गल्लीत पालकाची भाजी, पालकाची आमटी, पालकाच्या वड्या. आण्णांच्या हातात जुडी दिसली की लोक दाराला कडी लावायचे.

आमच्या हवालदारांचा जीव मात्र टाकीत अडकला होता. मटण-मासळीवर वाढलेला माणूस. संध्याकाळी भिंतीवर कोपर टेकून ते त्या पोसलेल्या चिलापींकडं बघत उभे राहायचे.

"आण्णा, एखादा म्हातारा होऊन आपसूक गेला, तर मग काय करायचं?"

"केळीच्या बुडात पुरायचा."

"आणि जाण्याच्या बेतात असला तर?"

"हवालदार, भिंतीवरनं कोपर काढा."

गेल्या मे महिन्यात आण्णा एसटीनं सांगलीला गेले. पाइपाचा एक बेंड तासगावात मिळत नव्हता. वहिनींजवळ कामवाली होती, ती दळण आणायला बाहेर पडली. सकाळपासून लाईट नव्हती. टाकीचं पाणी फिरवणारा पंप इन्व्हर्टरवर चालला होता, आणि दुपार व्हायच्या आत इन्व्हर्टरनंही मान टाकली. पाणी फिरायचं थांबलं. त्या गर्दीत ते थांबलं की माशांना हवा पुरत नाही, हे आण्णांनी आम्हाला शंभरदा सांगितलेलं. पण पंप थांबलाय हे आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी कुरडया वाळत घालत होते. भिंतीपलीकडून आवाज आला, "पाणी." मी तशीच थांबले. पुन्हा आला, "पाणी." घोगरा, पण मोठा. मी तांब्या भरून धावत गेले, मला वाटलं वहिनींना तहान लागलीय. वहिनी खुर्चीत नव्हत्या. डाव्या हातात काठी घेऊन, भिंतीला खांदा टेकून टाकीपाशी उभ्या होत्या. मी तांब्या पुढं केला तर त्यांनी जोरानं मान हलवली आणि हनुवटीनं टाकी दाखवली. आख्खी टाकी तोंडंच तोंडं झाली होती. मासे वर येऊन आ वासत होते.

मी मिस्टरांना हाक मारली. ते आले, एका नजरेत सगळं बघितलं आणि स्टुलावर चढून बादलीनं टाकीतलंच पाणी उपसून उंचावरून परत टाकीत ओतायला लागले, म्हणजे पाण्यात हवा मिसळेल. मग शेजारचे आले, त्यांच्या सुना आल्या. कुणी पातेली घेऊन, कुणी डबे घेऊन. जी गल्ली पालकाच्या भीतीनं कड्या लावायची, ती उन्हात उभी राहून त्या माशांसाठी पाणी ओतत होती. लाईट येईपर्यंत आमच्या हवालदारांनी बादली खाली ठेवली नाही. काही मासे गेलेच. ते त्यांनी स्वतः खड्डा काढून केळीच्या बुडात पुरले, आणि त्याविषयी घरात एक शब्दही बोलले नाहीत.

आण्णा आले तेव्हा पंप चालू झाला होता. ओलं अंगण, ओले आम्ही. त्यांनी पिशवी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं.

"आदी कुणाच्या ध्यानात आलं?"

"वहिनींनी हाक मारली," मी म्हणाले.

"कुणी?"

"शालनवहिनींनी. 'पाणी' म्हणाल्या. दोनदा."

आण्णा पायरीवर बसले. वहिनी खुर्चीत डोळे मिटून पडल्या होत्या, दमल्या होत्या.

"तिला झटका आला तवा सांगलीला दवाखान्यात न्हेली हुती," ते हळू आवाजात मला म्हणाले. "म्हयनाभर तिची नजर कशावरच ठरंना. मी म्होरं हुबा ऱ्हायलो तरी माज्यातनं पलीकडं बघायची. तितं बाहेर बसायच्या जागंला काचंची पेटी हुती, माशांची. एक दिस तितं तिला बसवली आन् बघतो तर डोळं माशाच्या मागनं फिराय लागलं. ह्या कडंला गेला की ह्या कडंला. मग काय करणार. घरी आल्यावर टाकी बांधली. आमच्यात नुसतं बघाय मासं आणलं म्हटलं तर भाऊबंद काय म्हणतील, म्हणून भाजीचं काढलं. पालक कुणाला पायजे हुता, बाई."

मग त्यांनी विचारलं, "आवाज कसा हुता?"

"थोडा घोगरा. पण स्पष्ट."

"पैल्यासारखा?"

"पहिल्यासारखाच."

त्यांनी मिस्टरांनाही विचारलं. त्यांनी तर काही ऐकलंच नव्हतं, ते माझ्या हाकेनं आले होते. पण आमच्या हवालदारांनी ओल्या बनियनवर हात पुसला आणि म्हणाले, "मोठा होता आण्णा. चांगला खणखणीत."

"मी एका बेंडापायी सांगलीला गेलो," आण्णा म्हणाले.

त्यानंतर वहिनी अजून काही बोललेल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, पुन्हा बोलतील, सांगता येत नाही कधी. पाइपाचं सामान आता आमचे मिस्टर आणतात. आण्णा गावाबाहेर जात नाहीत. दुपारी दुसरी खुर्ची ओढून ते वहिनींच्या शेजारी टाकीसमोर बसतात. मी जवळून गेले तरी नुसता हात वर करतात, बोलत नाहीत. आपल्या बोलण्यात तिचा शब्द पुन्हा चुकायला नको, म्हणून.