ठकूचं रीळ

आमची नर्मदामावशी सिनेमा बघायला जात नसे. ती सिनेमा बघून बाहेर पडणाऱ्यांना बघायला जात असे.

आमच्या भिवंडीच्या टॉकीजसमोर सोडावाल्याचं दुकान होतं. दुपारचा खेळ सुटायच्या बेताला मावशी त्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसायची, अडकित्त्यात सुपारी धरायची, आणि दारं उघडून माणसं डोळे चोळत उन्हात आली की समोर येईल त्याला अडवायची.

"तिकिटाचं पैसं दिलंस ना? मंग मत दे!"

लोक मत देत. न देऊन सांगतात कुणाला? मावशीचा आवाज असा होता की तो चुकवून पळणारा माणूस चोर वाटायचा. पूर्णा गावचा एक शेतकरी म्हणाला, "महाल झ्याक हाय मावशी, पन राजाचं धा घोडं दाखवलंन आन् शेन कुटंच न्हाय. ह्ये कसलं घोडं?" मावशी म्हणाली, "पास!" आझमगडचा एक लूमवाला म्हणाला, "मावसी, हिरो बहोत दुबला है. ऐसे आदमी को तो हम सूत का बीम उठाने को भी ना रखें." तोही पास. मग माझी पाळी आली. मी हायस्कुलात मराठी शिकवत होतो. गावात साहित्य कळणारा माणूस म्हणून माझं नाव होतं, कारण ते मी स्वतःच पसरवलं होतं. मी म्हणालो, "मध्यंतरानंतर दिग्दर्शकाची पकड सैल झाली आहे." मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पिक्चर बघितलास का नुस्ता पेपर वाचलास?"

मी पेपरच वाचला होता. नापास झालो.

मावशी मूळची वळ गावची. वळ काही लांब नाही, पण आळीत तिला तिच्या गावचं कुणी काही विचारलं नव्हतं. नवरा मागावर कामाला होता, तो गेला, मूलबाळ नाही, चौथी पास आहे. एवढंच आम्हाला ठाऊक. त्या काळी आळीतल्या बायकांत चौथी पास म्हणजे आजच्या हिशोबाने डॉक्टरच. त्या जोरावर तिच्या ओसरीत रोज दुपारी बायकांचा दरबार भरायचा. बायका घरून चरखे घेऊन यायच्या आणि कांड्या भरायच्या, म्हणजे मागाच्या धोट्यात बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. मावशीही भरायची. आणि भरता भरता 'पाषाणपुरी' सांगायची.

'पाषाणपुरी' ही कादंबरी. एका जादूगाराच्या शापाने सगळं नगर दगडाचं झालेलं, त्याला सात दारं, आणि एक राजपुत्र ती दारं उघडत आत जातो. महाराष्ट्रात ती घरोघर वाचली जायची. आमच्या आळीत ती ऐकली जायची. पुस्तक मावशीसमोर पाटावर उघडं असे, पण तिचे डोळे सुतावर आणि हात चरख्यावर. पान उलटलेलं मी क्वचितच पाहिलं. पलीकडे लूमची खटखट चालू, त्यामुळे राजपुत्र असो की राक्षस, सगळे बेंबीच्या देठापासून ओरडत. मी लहानपणापासून ती ऐकत मोठा झालो. इतक्या वेळा ऐकली, की पुढे कुणी विचारलं तर मी बेधडक "वाचलीय" म्हणू लागलो. वर्गात तर मी 'पाषाणपुरी'वर तासच्या तास खर्ची घातले आहेत.

आणि त्या कादंबरीतलं माझं, आळीचं, सगळ्यांचं लाडकं पात्र म्हणजे ठकू.

राजपुत्र चौथ्या दाराशी पोचतो. आत सगळे दगड. शिपाई दगड, हत्ती दगड, दळणारी बाई जात्याच्या खुंट्यासकट दगड. आणि त्या दगडांवरून एक पोरगी उड्या मारत येते. जादूगाराचा शाप जो एका जागी असेल त्याला लागायचा. आणि ठकू जन्मात कधी एका जागी बसलेली नाही, म्हणून तिला शाप लागलेला नाही! राजपुत्र शुद्ध भाषेत विचारतो, "हे बालिके, तू कोण आहेस?" आणि ती म्हणते, "मी ठकू हाय. तुज्या झोळीत खायाला काय हाय?" तिथून पुढे सातव्या दारापर्यंत रस्ता तीच दाखवते. शेवटी नगर जागं होतं, राजपुत्र तिला वर मागायला सांगतो, तर ती म्हणते, "मना जत्रंला ने." इथे चरखे थांबायचे आणि बायका पदर डोळ्यांना लावायच्या. त्या बायकांच्या पोरी लग्न होऊन मुंबईला गेल्या, सुरतेला गेल्या, आणि तिकडे आपापल्या पोरांना ठकू सांगू लागल्या.

सारं पुस्तक संस्कृतप्रचुर आणि ही एकच पोरगी वळ गावच्या बोलीत बोलते, हे खटकायला साहित्याची पदवी लागत नव्हती. माझ्याकडे ती होती, हाच घोटाळा झाला.

मग 'पाषाणपुरी'वर सिनेमा निघाला. रंगीत! भिवंडीत तो लागल्याचं कळलं आणि मावशीने जाहीर केलं, "ह्यो मी आत जाऊन बघनार." आळी हादरली. मावशीने ठेवणीतलं लुगडं नेसलं. मी, मावशी आणि ओसरीवरचा सगळा दरबार, अशी आमची वरात टॉकीजात शिरली.

पहिली तीन दारं झकास गेली. चौथं दार आलं तशी मावशी खुर्चीतून उठून उभी राहिली. मागून आरडाओरडा. "ओ मावशी, खाली बसा!" "अम्मा, बैठ जाओ!" मावशी कसली बसते! मान उंच करून, पदर सावरून, स्टेशनवर पाहुणा उतरायचा असावा तशी उभी. पडद्यावर दार उघडलं. आत दगड होते. दगडांच्या मधोमध एक नर्तकी होती, आणि तिने गाणं सुरू केलं. गाणं संपलं आणि एकदम पाचवं दार आलं.

अंधारात एका बाईचा आवाज घुमला, "आगं, ठकू कुटंय?"

"रीळ कापलंय मेल्यानं!" दुसरी.

हे आमच्याकडे नवं नव्हतं. ऑपरेटरला घरी जायची घाई असली की तो एखादं रीळ गाळतो, अशी भिवंडीत सर्वांची पक्की समजूत होती. बघता बघता सगळ्या बायका उठल्या. "ठकूचं रीळ लाव! ठकूचं रीळ लाव!" त्या ओरडण्यात एक पुरुषी आवाजही होता. तो माझा. मॅनेजर धावत आला, देवाशपथ सगळी रिळं लावलीत म्हणून हात जोडू लागला. मी त्याला साहित्यिक बेइमानीबद्दल चार शब्द सुनावले. तो बिचारा म्हणाला, "मास्तर, मी फक्त तिकिटं फाडतो हो."

या गोंधळात मावशी केव्हा निघून गेली ते कुणाला कळलंच नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा पायरीवर. पण आता ती मत विचारत नव्हती. बाहेर पडणाऱ्याला हळूच विचारायची, "बाबा, त्यात कुनी राहून गेल्यावानी वाटलं का?" परके लोक म्हणत, "नाही बुवा, छान आहे." मावशी मान हलवायची. ना पास, ना नापास. मला वाटलं, अभिजात कलाकृतीची विटंबना तिच्या जिव्हारी लागली. आता तिच्या वतीने मीच उठलं पाहिजे!

संधी चालून आली. आमच्या वाचक मंडळाने रविवारी दुपारी 'कादंबरी आणि चित्रपट' अशी चर्चा ठेवली, आणि ठाण्याहून एक प्राध्यापक अध्यक्ष म्हणून बोलावले. मी बोलायला उभा राहिलो आणि तोफ डागली. ज्या पात्रात कादंबरीचा प्राण आहे तेच या व्यापाऱ्यांनी गाळलं! ठकू म्हणजे मानवी चैतन्य! ठकू म्हणजे स्थितीवर गतीचा विजय! आणि शिष्ट भाषेच्या प्रवाहात तिच्या तोंडी बोली घालण्याचा लेखकाने केलेला तो धाडसी प्रयोग! "ठकूशिवाय पाषाणपुरी म्हणजे नुसते दगड!" असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा पेला सांडला.

अध्यक्ष रुमालाने चष्मा पुसत म्हणाले, "हे पात्र मला काही आठवत नाही."

मी गरजलो, "मग आपण पुस्तक नीट वाचलेलं नाही!"

मंडळाच्या चिटणिसांनी कपाटातून 'पाषाणपुरी' काढून माझ्या पुढ्यात ठेवली. मी तोऱ्यात चौथं दार काढलं. शिपाई होते, हत्ती होता, दळणारी बाई होती. मी एक पान मागे गेलो, चार पानं पुढे गेलो. मग शेवटून पुढे येऊ लागलो. ओल्या टेबलावर पुस्तक भिजू लागलं आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. अध्यक्ष सज्जन होते. म्हणाले, "कदाचित जुन्या आवृत्तीत असेल." त्यांच्या त्या सज्जनपणाने उरलीसुरली अब्रूही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तरातरा मावशीच्या ओसरीवर गेलो. बायका अजून यायच्या होत्या. मावशी एकटीच चरख्याशी बसली होती.

"मावशी, तू आम्हाला फसवलंस! पुस्तकात ठकू नाहीच!"

"न्हाय," मावशी म्हणाली. चरखा चालूच.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मीच घातली, मना म्हाईत नसंल?"

"मग काल तिथे माझी अब्रू गेली त्याचं काय? आणि तू सिनेमात उठून उभी काय राहिलीस? पुस्तकात नाही तर सिनेमात कुठून येणार होती?"

मावशीने सुताचं टोक सोडलं आणि प्रथमच माझ्याकडे पाहिलं.

"माजी लेक व्हती ठकू. वळला असताना. एका जागी बसायची न्हाय. मी दिवसभर वरडायची, बस गं मेले एका जागी. मंग तिला ताप आला तशी पडून राहिली. तिच्या बापानं हे पुस्तक आनलं. मी वाचायची. ती बोलायची, आये, ह्याच्यात मी कुटं हाय? मी बोलली, येशील गं, चौथ्या दाराला येशील. चौथं दार आलं आन् मी तिला घातली. लय हसली. झोळीत खायाला काय हाय, ते तिचंच बोलनं. मी काय त्यातलं बनवलं न्हाय." तिने सुताचं टोक पुन्हा हाती घेतलं आणि चाक फिरवलं. "पाचवं दार तिनं ऐकलंच न्हाय."

मी ओसरीच्या कडेला बसलो.

"इकडं आल्यावर बायांना सांगत ग्येली. बायांनी पोरींना सांगितलं, पोरी मुंबईला ग्येल्या. मना वाटलं, एवढ्या जनींच्या तोंडी झाली, तर कोन सांगावं, त्या पिक्चरवाल्याच्या कानावरबी ग्येली असंल. मोठी मानसं हायत, घेतली असंल त्यांनी. म्हनून ग्येलती बघायला."

मला रडू आलं. कालपासून मी माझ्या अब्रूचं सुतक पाळत होतो, आणि ही बाई टॉकीजात आपल्या लेकीची वाट बघत उभी राहिली होती. मी मघाशी आल्या आल्या "फसवलंस" म्हणालो तो शब्द परत घेता आला असता तर बरं, असं वाटत होतं. पण बोलायला काही सुचेना. मराठीचे मास्तर ऐन वेळी असेच निकामी होतात.

मावशीनेच विचारलं, "तू काल तितं काय बोललास?"

"जाऊ दे ना मावशी. सगळे हसले मला."

"हसू दे. जसं बोललास तसं बोल."

मी उठून उभा राहिलो. "अध्यक्ष महाराज आणि रसिक बंधुभगिनींनो," मी म्हणालो. पलीकडे लूम सुरू झाले होते, त्यामुळे आवाज चढवावा लागला. मावशीने चरख्याचं चाक हाताने धरून थांबवलं. मी चैतन्य म्हणालो, गतीचा विजय म्हणालो. लेखकाच्या धाडसी प्रयोगापाशी जीभ अडखळली, पण मावशीने 'चालू दे' म्हणून हात केला. शेवटचं वाक्य म्हणून मी खाली बसलो.

"सभंत तिचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"येवढ्याच मोट्यानं?"

"याच्याहून मोठ्याने. हॉल भरला होता मावशी." निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, पण ते सांगायचं काही कारण नव्हतं.

मावशीने चाकावरचा हात तसाच ठेवला. मग म्हणाली, "समदं नको. तिचं नाव येतंय त्येवढं परत एकदा बोल."

मी पुन्हा उभा राहिलो आणि बोललो.